ओल्या ताण्याची आण

या, जरा पुढं सरका. कीर्तनात मागं बसलेल्याला टाळ ऐकू येतात, पण बुवांनी धरलेला श्वास ऐकू येत नाही. आणि आजची गोष्ट सगळी धरलेल्या श्वासाचीच आहे. अणदूरचा व्यंकट, घोंगडी विणणारा भाविक माणूस. त्यानं मायेपोटी पोटच्या लेकीच्या पायात देवाच्या नावाची बेडी घातली. ती कशी घातली आणि कशी निघाली, ते सांगतो.

सोमवार होता. उमरग्याच्या एस.टी.त व्यंकट बसला होता आणि रस्त्यातला एकेक खड्डा त्याच्या काळजावरनं जात होता. शेजारी अक्षदा, वय एकोणीस, उजव्या गुडघ्याला पट्टा. गाडी आदळली की बापाचा हात आपोआप त्या पट्ट्यावर जायचा.

"आप्पा, गुडघा माझा हाय. तुमी कशाला दचकता?"

"म्या कुठं दचकलो? गाडी दचकली."

पोरगी हसली. व्यंकटला हसू येईना. आज उमरग्यात गुडघ्याची मोजणी होती. आतला नवा दोर धरलाय की सैल पडलाय, ते आज ठरणार होतं. सैल निघाला तर पुन्हा चिरफाड, आणि खो-खोचं मैदान कायमचं बंद.

मैदानावरच हे झालं होतं. सामन्यात खांबाला वळसा घेताना अक्षदाचं पाऊल जागीच रुतलं आणि वरचं अंग तेवढं फिरलं. कट् असा आवाज कडेला बसलेल्या व्यंकटनं स्वतःच्या कानानं ऐकला. मांडीचं हाड नडगीशी बांधून ठेवणारा आतला दोर, डॉक्टर ज्याला लिगामेंट म्हणतात, तो तुटला होता. हा दोर आपला आपण जुळत नाही. पुण्यात एके ठिकाणी त्याच्यावर नवीन उपचाराचा अभ्यास चालला होता. यश येईलच असं नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं. अक्षदानं सही केली.

तिथं तिच्याच शरीरातल्या पेशी काढल्या, रेशमाच्या बारीक जाळीवर पेरल्या आणि गुलाबी पाण्याच्या पेटीत वाढायला ठेवल्या. व्यंकटला काचेतनं दाखवलं. बोटाएवढा पांढरा दोर, दोन टोकांना दोन चिमटे, आणि एक इवलंसं यंत्र त्याला हळूच ताणत होतं, सोडत होतं. जणू झोपलेलं लेकरू.

"त्याला सारखं कशापायी ओढता?" त्यानं विचारलं.

"ताण मिळाला नाही तर पेशी गुंता करून बसतात, आप्पा," तिथला डॉक्टर म्हणाला. "कुठल्या दिशेनं धागा घालायचा हे त्यांना ताणानं कळतं. आम्ही नुसता ताणा लावून देतो. बाणा तिचं शरीर विणेल."

ताणा-बाणा, उभा धागा नि आडवा धागा! ही तर आपल्या मागाची भाषा. व्यंकटला धीर आला, आणि त्या धीरानंच घात केला.

दोर गुडघ्यात बसवला. पुढचे व्यायाम उमरग्याच्या शामला मॅडमकडं. सहा आठवडे झाले तेव्हा त्यांनी समजावलं, "आता दुखणार नाही, पाय चांगला वाटेल. पण हाच दोर सगळ्यात कच्चा असायचा काळ. पळायचं नाही, उडी नाही. वजन मात्र रोज द्यायचं, मी सांगते तेवढंच."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द व्यंकटच्या कानात राहिला. कच्चा. त्याच्या डोळ्यांपुढं अंगणात लावलेला ताणा आला. चिंचोक्याची खळ पाजली की लोकरीचा धागा ओला, कच्चा होतो. तो वाळेपर्यंत व्यंकट कुणाला जवळ फिरकू देत नाही. ओल्या ताण्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाचा नेम.

घरी येताच त्यानं देव्हाऱ्यातला बेल-भंडार काढला.

"उचल, अक्का," तो लेकीला म्हणाला. "म्या सांगेपर्यंत या पायावर भार देणार न्हाय म्हण."

"आप्पा, पर मॅडम म्हणल्या..."

"मॅडमनं कधी ताणा तुटल्याला बघितलाय का?"

बानूबाई, त्याची बायको, लोकर पिंजता पिंजता म्हणाली, "मागाचं मागापाशी ठिवा. गुडघ्यातलं त्या बाईला कळतंय."

"तू लोकर पिंज!"

पोरीनं बेल-भंडार उचलला. खंडोबाची आण, ती मोडायची कुणी? पाच आठवडे पाय उशीवर राहिला. मधल्या दोन तारखा व्यंकटनं पाहुणे आले, गाडी चुकली असं सांगून टाळल्या. पण अलीकडं पाय उशीवरून उचलताना पोरीच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी दिसली की व्यंकट तोंड फिरवून मागाकडं जायचा.

उमरगा आलं. दवाखान्यात शामला मॅडमनी पट्टा सोडला आणि विचारलं, "व्यायाम रोज केलास?"

अक्षदानं बापाकडं बघितलं नाही. "व्हय मॅडम. रोज."

मॅडमनी दोन्ही मांड्यांना टेप लावली. उजवी दोन बोटं बारीक भरली. गुडघा वाकवून बघितला, तर काटकोनापाशी येऊन अडला. अक्षदानं ओठ दाबून धरला.

"रोज?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"मॅडम," व्यंकट पुढं होऊन म्हणाला. "पोरगी माझ्यापायी खोटं बोलती. म्या तिला आण घातली व्हती. ओला ताणा हाय, हात नको, म्हणून."

मॅडम रागावतील म्हणून तो मान घालून उभा राहिला. त्या स्टुलावर बसल्या.

"ओला ताणा तुम्ही कसा वाळवता, आप्पा? काढून, गुंडाळून ठेवता?"

"छ्या! गुंडाळला तर सगळा चिकटंल की. दोन्हीकडनं ताणून, खुंट्याला बांधून वाळवायचा."

"आणि ओला असताना त्याला कुणीच हात लावत नाही?"

"कुणी न्हाय. म्या कुंचा फिरवतो तेवढाच. एका अंगानं, हलक्या हातानं, धागा सरळ बसावा म्हणून..."

बोलता बोलता तो थांबला. त्याचा उजवा हात हवेतच कुंचा फिरवत राहिला होता. त्या हाताकडं बघून त्याच्या अंगावर काटा आला. लेकरांना ताण्यापासून लांब हाकलणारा तोच, आणि ओल्या ताण्यावर दिवसभर हात फिरवणाराही तोच. नेमाचा अर्धा भाग त्यानं पोरीला दिला आणि अर्धा स्वतःपाशीच विसरला.

"म्या ताणा गुंडाळून ठिवला," तो पुटपुटला.

मॅडमनी यंत्र नडगीला बांधलं. ते नडगी पुढं ओढून किती सरकते ते मोजतं. "दोन्ही गुडघ्यांतला फरक तीन मिलिमीटरच्या आत आला तर दोर धरलाय. पाचाच्या पुढं गेला तर पुण्याला कळवावं लागेल."

व्यंकटनं डोळे मिटले. देवाचं नाव ओठांवर येईना, इतकी त्याला लाज वाटत होती. यंत्र कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं.

"चार," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी?"

"म्हणजे तुटलेला नाही, आणि पक्काही नाही. महिन्यानं पुन्हा मोजू. तोवर रोज व्यायाम, मी सांगेन तेवढाच. कमी नाही, जास्तही नाही. मग बघू."

"सुरू कर, अक्का," व्यंकट म्हणाला. पण पोरगी हलेना.

"आण हाय, आप्पा."

व्यंकटनं बंडीतनं भंडाऱ्याची पुडी काढली. घाईनं सोडताना अर्धी हळद दवाखान्याच्या फरशीवर सांडली. उरलेली त्यानं लेकीच्या कपाळी लावली.

"देवा मल्हारी, आण म्या घातली, म्याच काढली. पोरीकडं दोष न्हाय. असंल त्यो माझ्या पदरात घाल."

"फरशी पण तुमच्याच पदरात घालते हं," शामला मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या हातात फडकं दिलं. अक्षदा हसली, मग रडली. आणि वजनकाट्यावर उजवं पाऊल ठेवून तिनं हळूहळू भार टाकला. पाच किलो. आठ. बारा.

"बस," मॅडम म्हणाल्या.

व्यंकट फरशीवर गुडघे टेकून हळद पुसत होता, पण नजर काट्यावरनं हलत नव्हती.

तो महिना अजून सरायचा आहे, माणसांनो. अणदुरात रोज सकाळी बाप घरी आणलेल्या वजनकाट्यावर वाकून आकडा वाचतो, "बस" म्हणतो, आणि मगच मागावर बसतो. चाराचे तीन होतील की पाच, त्या दोघांना ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून एवढंच मागतो. घरी जाऊन देवापुढं हात जोडाल तेव्हा तुमचं मागणं मागून झाल्यावर अक्षदाच्या उजव्या गुडघ्याची आठवण ठेवा. आत बाणा पडतोय.