घोड्यावरचा खंडोबा

पुण्याच्या लिलाव कंपनीने पाटोद्याकडच्या कामाचे कागद पुढे ठेवले, तेव्हा योगिताने मालकाचं नाव वाचलं आणि लगेच हो म्हटलं. अर्जुनराव आणि त्यांच्या भावाचा वाटणीचा दावा निकाली निघाला होता. बंगल्यातली चित्रं, मूर्ती, झुंबरं, शिसवी फर्निचर, सगळं विकून रक्कम दोघांत वाटा, असा कोर्टाचा हुकूम होता. प्रत्येक वस्तूची किंमत ठरवून तिचा पूर्वेतिहास लिहायचा आणि लिलाव पुकारायचा, हे योगिताचं काम.

अर्जुनरावांनी तिला ओळखलं नाही. मॅडम मॅडम करत ते कुठली समई कुठून आणली ते सांगत राहिले.

तेरा वर्षांपूर्वी ती दहावीत असताना याच बंगल्यातून पितळेचा घोड्यावरचा खंडोबा नाहीसा झाला होता. तिचा बाप सटवा तेव्हा मेंढ्या घेऊन अर्जुनरावांच्या रानात उतरला होता आणि पाणी मागायला बंगल्यावर गेला होता. तेवढं पुरलं. पारासमोर, भर गावात अर्जुनरावांनी त्याला मारलं आणि मूर्तीच्या बदल्यात त्याच्या साठ मेंढ्या हाकून नेल्या. सटवा माजलगावकडे ऊसतोडीला गेला. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस कोयत्याला सरावला नाही. तिसऱ्या हंगामात उसाच्या फडातच मेला. आई साखराबाई योगिताला घेऊन कड्याला माहेरी आली. तिथंही लोक चोराची पोर म्हणत.

कामाच्या तिसऱ्या दिवशी झोपायच्या खोलीतलं कपाट रिकामं करताना जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. योगिताने ते उलगडलं. आत खंडोबा होता.

दारात अर्जुनरावांची बायको सत्यशीला उभी होती. ती म्हणाली, "महिन्याभरातच सापडला व्हता. आमच्या थोरल्या पोरानंच दोस्ताकडं ठिवलता. मी ह्यांना म्हणलं, त्या धनगराला बोलवा, मेंढ्या माघारी द्या. हे म्हणले, आता गावासमोर खोटं कशापायी पडायचं?"

"त्या धनगराचं नाव सटवा," योगिता म्हणाली. "मी त्याची मुलगी."

संध्याकाळी अर्जुनराव स्वतः आले. माफी त्यांनी मागितली नाही. मूर्ती यादीत घालू नको, गुपचूप घेऊन जा, लई मोलाची हाय, असं खालच्या आवाजात सांगून पाहिलं. कोर्टाचा हुकूम घरातल्या प्रत्येक वस्तूला लागू आहे, असं योगिताने सांगितलं. निदान जुनं काही लिहू नको, असं ते म्हणाले, तेव्हा तिने यादीत मूर्तीपुढे एक नंबर घातला.

लिलावाला अंगणात मांडव पडला. पुण्या-हैदराबादचे व्यापारी आले आणि बघायला सगळं गाव लोटलं. योगिताने माइक घेतला.

"नग क्रमांक एक. पितळेचा अश्वारूढ खंडोबा, अंदाजे शंभर वर्षं जुना. तेरा वर्षांपूर्वी मालकाने ही मूर्ती चोरीला गेल्याचं सांगितलं. त्यासाठी सटवा मेंढपाळाला पारासमोर मारलं आणि त्याच्या साठ मेंढ्या नेल्या. मूर्ती महिन्याभरात मिळाली. ती मालकाच्या झोपायच्या खोलीत लपवून ठेवलेली होती."

मांडवातून आधी गावातला तात्याबा उठला. त्या दिवशी सटव्याचे हात त्यानेच धरले होते. हातातला चहा खाली ठेवून तो खाली मान घालून बाहेर गेला. त्याच्यामागे एकेक करत गाव उठलं. अर्जुनरावांकडे कुणी पाहिलं नाही. मूर्ती हैदराबादच्या व्यापाऱ्याने घेतली.

पहिल्या रांगेत नक्षीच्या शिसवी खुर्चीत अर्जुनराव एकटेच बसले होते. योगिता त्यांच्यासमोर आली.

"नग क्रमांक दोन. अर्जुनराव, उठा. खुर्ची यादीत आहे."

ते उठले. सत्यशीलाने आतून त्यांच्यासाठी स्टूल आणलं, तर त्यालाही नगाची चिठ्ठी चिकटवलेली होती. हमालाने ते काढून घेतलं. नव्वद नग विकून होईस्तोवर म्हातारा मांडवाच्या कडेच्या खांबाला धरून उन्हात उभा राहिला. योगिताला घाई करता आली असती. तिने प्रत्येक नगाचं वर्णन सावकाश, पूर्ण वाचलं.

कंपनीच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला. असलं वाचायला कुणी सांगितलं होतं, म्हणून ते चिडले. उद्यापासून कामावर येऊ नको, म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि कड्याची गाडी धरली.

साखराबाई शेळीची धार काढत होती. लेकीने सगळं सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं नाही.

"परत सांग," ती म्हणाली. "उठताना कसा उठला, त्ये सांग."