कागदावरचं लग्न

"हा घे. फाड."

केझायाने करारनामा ओबेडच्या ताटाशेजारी ठेवला. मक्याची भाकरी मोडता मोडता त्याचा हात थांबला. तो कागद फाडला की लग्न मोडलं.

ब्राझोस नदीच्या काठावर बहुतेकांची लग्नं अशीच होती. वस्ती अमेरिकेतून आलेल्यांची, पण मुलूख मेक्सिकोचा. आणि मेक्सिकोचा कायदा सांगे, लग्न लावायचं ते कॅथलिक पाद्र्यानेच. पाद्री तर वर्षानुवर्षं फिरकत नसे. मग तरण्या माणसांनी करायचं काय? पंचांसमोर कागद करायचा, पाद्री आला की रीतसर लग्न लावू असं लिहून द्यायचं, आणि संसाराला लागायचं. नाहीच पटलं तर दोघांनी मिळून कागद फाडायचा आणि आपापली वाट धरायची. ओबेड-केझायाच्या कागदावर तीन पोरं वाढली होती. पाद्री दोनदा येऊन गेला. एकदा केझाया बाळंतीण होती. एकदा नदीला पूर आला आणि नावाडी नवरदेव पैलतीरावर अडकून पडला.

"सकाळी सकाळी हे काय काढलंस?"

"आज हायरमच्या लोहारखान्यात अर्जावर सह्या आहेत. तू येणार नाहीस म्हणत होता तो."

"अगं, आपला तराफा सरकारी परवान्यावर चालतो. अर्ज जायचा थेट मेक्सिको शहरात. तिथल्या साहेबाचं डोकं फिरलं तर पहिला माझा दोर कापतील. आणि मागतायत काय, तर आमचं राज्य वेगळं करा! मला कशाला हवंय राज्य? मला नदी पुरते."

"राज्य घाल चुलीत. अमेरिकेतून माणसं येऊ द्या, असंही लिहिलंय त्यात. तीन वर्षं झाली दार बंद करून. बाबा वाट बघत गेले. आता आई एकटी आहे टेनेसीत. गेल्या खेपेला तू सही केली नाहीस, मी गप्प बसले. आता नाही बसणार."

"माझ्या एका सहीने काय होणार आहे?"

"नाही झालं काही तर नाही झालं. पण तू केली नाहीस, तर हा कागद आहेच."

केझाया बोलेल ते करून दाखवणारी बाई होती. आणि ओबेड मोठा भित्रा, हे सगळ्या वस्तीला ठाऊक. पुरात तराफा घालेल, पण शिक्क्याचा कागद पाहिला की त्याला दरदरून घाम फुटे. भाकरी तशीच टाकून तो उठला आणि सही करून आला.

"वा! वाघ झालास की!" हायरम लोहार म्हणाला.

"वाघ घरी आहे," ओबेड म्हणाला.

अर्ज घेऊन माणूस गेला तो गेलाच. पुढच्या हिवाळ्यात बातमी आली, त्याला तिकडे तुरुंगात घातलंय. ओबेडचं धाबं दणाणलं. अर्ज नेणाऱ्याची ही गत, तर सही करणाऱ्यांची काय? पैलतीरावर घोडेस्वार दिसला की तो तराफा सोडायला मुद्दाम वेळ लावी.

"माझ्यापायी अडकलास रे," केझाया एकदा म्हणाली.

"अडकलोच आहे. पाद्री येईपर्यंत."

असाच एक घोडेस्वार एका दुपारी आला आणि काठावरूनच ओरडला, "दार उघडलं! माणसं येऊ देणार!" वेगळ्या राज्याचं घोंगडं भिजतच पडलं होतं, तुरुंगातला माणूसही सुटला नव्हता. पण सह्यांपायी कुणाला धरणार नव्हते. ओबेड तराफ्यावरच मटकन बसला. किती महिन्यांनी त्याने मोकळा श्वास घेतला. तो लहान पोरासारखा रडला आणि मग स्वतःलाच हसला.

उन्हाळा सरता सरता पैलतीरावर एक म्हातारी उतरली. अनवाणी, चिखलाने माखलेला ओबेड तिला गडीमाणूस वाटला.

"मालक कुठाय रे तुझा?"

"असेल इथंच, मावशी. बसा."

"माझा जावई आहे तो. भित्रा आहे म्हणे?"

"फार."

"मग सही कशी केली त्यानं?"

"मालकिणीला जास्त भितो."

म्हातारी खुदकन हसली. तराफा टेकला तशी पोरं "बाबा, बाबा!" करत धावली. म्हातारीने ओबेडला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तोवर केझाया धावत येऊन तिच्या गळ्यात पडली होती.

रात्री म्हातारीने बोचक्यातून बुटांचा जोड काढला. "यांनी शिवून घेतले होते. लेकीच्या लग्नात घालीन म्हणायचे. खुंटीलाच राहिले." तिने ते ओबेडपुढे ठेवले. "पाद्री कधी येतोय?"

वस्तीचा कापूस वेचून झाला आणि पाद्री आला. ओकच्या झाडाखाली सात जोडपी रांगेत उभी राहिली आणि त्यांचीच पोरं वऱ्हाडी म्हणून गोंधळ घालत होती. आशीर्वाद झाला तसा केझायाने करारनामा काढला आणि टरकन फाडला. आता त्याची गरजच उरली नव्हती, तरी ओबेड दचकला. तिने हसत त्याचा हात घट्ट धरला.

समोर म्हातारी उभी होती. ती दोघांच्या तोंडाकडे बघत नव्हती, ओबेडच्या पायांतल्या त्या बुटांकडे बघत होती. बूट चांगले दोन बोटं मोठे होते, आत गवत कोंबलं होतं. तिची नजर कुठे आहे ते ओबेडच्या लक्षात आलं. त्याने पाय जुळवले आणि तिचं बघून होईपर्यंत तो जागचा हलला नाही.