दोनदा वजा झालेलं मीठ

चंद्रकांताने सही केली आणि अहवाल रंभाबाईपुढे सरकवला. "पाण्यातली घाण मर्यादेत आहे."

खाडीतले बोयी मासे मरून वर आले, तेव्हा कोळीवाड्यातली रंभाबाई स्वतः तिथल्या पाण्याची बाटली भरून बोईसरच्या या खाजगी प्रयोगशाळेत आली होती. "मर्यादेत? मंग मासं काय हौस म्हनून मेलं? आकडा काडला कसा, बाय?"

"कंप्युटरने काढला."

"मंग तू काय केलंस?"

एम.एस्सी. झालेली चंद्रकांता नुसती हसली.

ते हसू तिला दुसऱ्या दिवशीही छळत राहिलं. तिने हाताने हिशेब मांडला. घाणीचा आकडा मर्यादेच्या पार वर गेला. खाडीच्या मिठामुळे ही चाचणी घाण जास्त दाखवते, म्हणून पाऱ्याचा क्षार घालून ती मिठाचा बंदोबस्त आधीच करत असे. मुंबईहून विकत आणलेला प्रोग्राम तेच मीठ पुन्हा वजा करत असावा. खात्रीसाठी तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आतलं सूत्र आम्ही कुणालाच दाखवत नाही. तुम्ही फक्त आकडे भरा."

वर्षभर तिने तेच तर केलं होतं. कंपनीचा राग यायला हवा होता. आली ती शरम. न पाहिलेल्या हिशेबाखाली नाव मात्र तिचं.

अठ्ठ्याण्णव साल होतं. एका मासिकासोबत लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीची सीडी आली होती. त्यातलं सगळं उघडून वाचता येई, बदलता येई, कुणालाही देता येई. अडखळत, चुकत तिने त्यावर स्वतःचा हिशेब बसवला आणि रंभाबाईच्या बाटलीचा अहवाल नव्याने काढला.

"फुकटचं कशाला, बाई?" मालक बळवंतराव म्हणाले. "आपला विकतचा प्रोग्राम रंगीत अहवाल छापतो."

"हा मध्येच बंद पडत नाही, सर." खरं कारण तिच्या तोंडून निघालं नाही.

टेबलावरच्या नव्या अहवालावर त्यांची नजर गेली. "बरं. पण जुने अहवाल उकरू नका. गिऱ्हाईकं जातील."

रविवारी ती नवा कागद घेऊन रंभाबाईच्या अंगणात उभी राहिली. रंभाबाई बोंबील वाळत घालत होती.

"आनखी कागद? पयला कारखान्याच्या सायबानं गावच्या सभेत वाचला. म्हनला, तुमच्याच बाटलीचं पानी हाय. समदी हसली आमाला."

"तो चुकीचा होता."

"कंप्युटर चुकला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "मी चुकले. आत काय चाललंय ते न बघता सही केली."

रंभाबाईने हातातला बोंबील दोरीवर टाकला.

"उद्या परत सभा हाय. तितं सांगशील हे?"

चंद्रकांताला बळवंतराव आठवले. "सांगेन," ती पुटपुटली.

"काय?"

"सांगेन."

"मोठ्यानं सांग," रंभाबाई म्हणाली. "तितं पंख्यांचा लई आवाज असतो."