क्लचबाईचा डावा पाय

मला सगळे क्लचबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि मला त्याचा कधी राग आला नाही. चौतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली आणि येईल त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: आधी क्लच. स्टिअरिंग कोणीही फिरवेल, घाबरलं की ब्रेक आपोआप लागतो, पण क्लच ज्याच्या पायाला कळला त्यालाच गाडी कळली. पहिला आठवडा मी दुसरं काही करूच देत नसे. पाय उचल, सावकाश, गाडी थरथरली की थांब, तिथेच धर. माणसं रडकुंडीला यायची. मी म्हणायचे, खुशाल रड, पण पाय हलवू नकोस.

आणि ऑटोमॅटिकचं नाव काढलं की माझं डोकंच फिरायचं. कोणी भीत भीत विचारलं, "बाई, तुमच्याकडे ऑटोमॅटिकवर शिकवतात का हो?" की माझं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे खेळणी नाहीत. ती खेळण्यांच्या दुकानात मिळतात." माणूस आल्या पावली परत जायचा आणि मी स्वतःवर खूश व्हायचे. खोटं कशाला बोलू, फारच खूश व्हायचे.

गेल्या वर्षी माझ्या कमरेतली एक नस दबली. ऑपरेशन झालं, कंबर सुधारली, डावं पाऊल मात्र गेलं ते गेलंच. ते लोंबतं. चप्पल पायातून निसटते आणि मला पत्ताही नसतो. मी चार पावलं पुढे गेलेली असते आणि सून मागून चप्पल हातात घेऊन येते. डॉक्टर म्हणाले, "क्लच आता विसरा. उजवा पाय ठणठणीत आहे, ऑटोमॅटिक चालवायला हरकत नाही."

माझा मुलगा तेव्हा शेजारीच बसला होता. त्याने अर्धंच ऐकलं. घरी आल्या आल्या त्याने माझ्या जुन्या गाडीची चावी खिळ्यावरून काढून खिशात टाकली.

"आई, गाडी बंद. कुठे जायचं असेल तर सांग, मी सोडेन."

सोडेन म्हणजे कधी? रविवारी, साहेबांची झोप झाल्यावर, चारनंतर. सहा महिने मी हे सोसलं. वाचनालयात जायचं तर मुलाची सुट्टी बघायची. बहिणीकडे जायचं तर आधी सुनेला विचारायचं, तो कुठल्या मूडमध्ये आहे. बहिणीकडे पोचावं, दोन शब्द बोलावेत, की खालून हॉर्न. म्हातारीचं पार्सल झालं होतं माझं.

एका सकाळी चहा पिता पिता मी विषय काढला. "तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे. डॉक्टर म्हणाले होते चालेल."

तो हसला. "आई, ते ड्रायव्हिंगच नव्हे असं तूच म्हणायचीस ना? मी ही गाडी घेतली तेव्हा महिनाभर खेळणं, खेळणं करून डोकं खाल्लंस माझं. आता त्याच खेळण्याची हौस?"

सुनेला हसू आवरेना, तिने फ्रीज उघडून त्यात डोकं घातलं. मला घरचा आहेर मिळाला होता. मग त्याने आवाज खाली आणला. "पाऊल पेडलखाली गेलं तर तुला कळणार आहे का? चप्पल गेलेली कळत नाही तुला." हे खरं होतं. म्हणूनच माझा संताप झाला.

"माझ्या लायसन्सची मुदत तीन आठवड्यांनी संपतेय," मी म्हटलं. "माझ्या वयाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. ती मी देणार. पास झाले तर तुझ्या गाडीची दुसरी चावी माझी. नापास झाले तर जन्मात पुन्हा चावी मागणार नाही."

"आणि शिकवणार कोण तुला? माझ्या गाडीला चाचणीच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"ते माझं मी बघते," मी म्हटलं आणि उरलेला चहा सिंकमध्ये ओतला.

बघणार काय, कपाळ! अख्ख्या शहरात ऑटोमॅटिकवर शिकवणारा प्रत्येक जण मला ओळखत होता आणि प्रत्येकाला मी कधी ना कधी काहीतरी ऐकवून ठेवलं होतं. त्यांच्या दारात उभी राहिले असते तर त्यांनी सणसणीत फी घेऊन वर फोटो काढला असता. राहिली एकच बाई. तिच्याबद्दल सांगायला जड जातं, पण सांगते.

आमच्या घरामागच्या गल्लीत एक टेलरबाई आहे. तिचा डावा पाय लहानपणापासून बारीक, गुडघ्यावर हात टेकून चालते. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली होती. "बाई, मला ऑटोमॅटिकवर शिकवाल का?" मी तिच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. खेळण्यांचं वाक्य फेकलं आणि रजिस्टर मिटलं. ती निघून गेली. नंतर ती कुठेतरी शिकली, गाडी घेतली, आणि पडदे न् युनिफॉर्मचे गठ्ठे स्वतः पोचवायला लागली. अकरा वर्षं मी ती गाडी रोज बघत होते आणि रोज मान दुसरीकडे वळवत होते.

मी दुकानात गेले तेव्हा ती मशीनवर होती. एक गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला हात पसरून उभं होतं.

"काय शिवायचंय?" तिने वर न बघता विचारलं.

"काही नाही. गाडी शिकायचीय."

मशीन थांबलं. "कोणाला?"

"मला."

तिने दोरा दातांनी तोडला. "आमच्याकडे खेळण्यातली आहे. चालेल?"

माझंच वाक्य. अकरा वर्षं जपून ठेवलं होतं बाईने. मला पळून जावंसं वाटलं. पण पळायलाही दोन पाय लागतात.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं!" मी इतक्या जोरात ओरडले की गिऱ्हाइकाने दोन्ही हात खाली घेतले.

"तुम्ही हात वर ठेवा हो," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "उद्या सकाळी सात. दुकान उघडायच्या आधी. आणि मी ओरडते, आधीच सांगते."

ओरडते म्हणजे काय, किंचाळते! पहिल्या दिवशी गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही निघालो. पहिलं वळण आलं. वेग कमी केला आणि चाळीस वर्षांच्या सवयीने माझी डावी मांडी खाली दाबली गेली, क्लच दाबायला. क्लच होता कुठे? तिथे होता रुंद ब्रेक. पाऊल आपटलं त्याच्यावर आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरची बटणांची पिशवी फुटून बटणं काचेपर्यंत उडाली.

"अहो बाई!" ती किंचाळली.

ही चूक नवशिके करत नाहीत. क्लच माहीतच नसतो त्याचा डावा पाय कशाला हलेल? ही चूक करतात माझ्यासारख्या मुरलेल्या. त्या सकाळी मी ती पाच वेळा केली. पावलाला काही कळत नव्हतं, पण मांडी सगळं पाठ करून बसली होती. दर वळणाला उजवा पाय एक म्हणायचा, डावा दुसरंच, आणि आम्ही दोघी डॅशबोर्डवर आपटायचो.

चौथ्यांदा ब्रेक लागला तेव्हा मी स्टिअरिंगवर हात आपटला. "यात मजा काय आहे? गाडी मला काही विचारतच नाही. चढ आला, हिनेच गिअर बदलला. उतार आला, हिनेच ठरवलं. मग मी इथे कशाला बसलेय?"

"रस्ता बघायला," ती म्हणाली.

"चढावर क्लच अर्धा सोडून गाडी धरून ठेवली की इंजिन तळव्याखाली घुमतं, माहितीये? अख्खी गाडी आपल्या एका पायावर उभी असते. ते तुला कधी कळणार नाही."

"नाही कळणार," ती म्हणाली. "मान्य. पण म्हणून मी घरी बसू?"

ती खाली वाकून बटणं वेचत राहिली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्यासारखे किती आले असतील माझ्या दारात चौतीस वर्षांत? कोणाचा पाय अधू, कोणाचा गुडघा गेलेला, कोणी नुसतंच घाबरट. सगळ्यांना मी तेच वाक्य ऐकवलं होतं. मला माझी लाज वाटली, चांगलीच लाज वाटली. मग मीही वाकले आणि बटणं वेचायला लागले.

तिसऱ्या दिवशी ती गळ्यातली टेप काढून माझा घोटा मोजायला लागली. मग सीटखालची लोखंडी पट्टी मोजली. चौथ्या दिवशी जाड कॅनव्हासचा, आतून मऊ कापड लावलेला एक पट्टा घेऊन आली. घोट्याभोवती एक वेढा, दुसरं टोक सीटच्या पट्टीला, मोकळं टोक ओढलं की सुटेल अशी गाठ. पाऊल मागेच राहायचं, ब्रेकपर्यंत पोचायचंच नाही. मांडी दाबायची तेव्हा दाबायची, पण पट्टा तिला धरून ठेवायचा.

मग हळूहळू जमायला लागलं. गिअरकडे जाणारा हात स्टिअरिंगवर राहायला शिकला. आणि एक सांगते, कबूल करायला जीव जातोय तरी सांगते: चौकात उभ्या गाडीचं दार उघडतंय हे मला आता आधीच दिसायला लागलं. सायकलवाल्याची मान कुठे वळलीय ते दिसायला लागलं. पूर्वीही दिसायचंच, पण एवढं निवांत नव्हतं दिसत. मी हे टेलरबाईला सांगितलं नाही, नाहीतर ती डोक्यावर बसली असती.

चाचणीच्या दिवशी मुलाने सुट्टी काढली. गाडी मैदानापर्यंत त्यानेच चालवली. चाचणीच्या मैदानात मी त्याच्या जागेवर बसले आणि पट्टा बांधायला लागले.

"हे काय?"

"माझं पाऊल तुझ्या पेडलखाली जाऊ नये म्हणून."

तो खाली बसला. पट्टा दोनदा ओढून बघितला, मग सोडून स्वतःच्या हाताने पुन्हा बांधला, जरा जास्त घट्ट. लहान असताना मी त्याच्या बुटांची नाडी अशीच बांधायचे. मला भरून आलं, पण मी चेहरा मख्ख ठेवला.

परीक्षक निघाला माझा जुना विद्यार्थी. चढावर अकरा वेळा गाडी बंद पाडणारा.

"बाई, तुम्ही? आणि यात?" तो हसायला लागला.

"दात नंतर काढ. आधी पट्टा लिहून घे, डॉक्टरचं पत्र बघ आणि चाचणी घे," मी म्हटलं.

त्याने सूट दिली नाही, तेवढं शिकवलं होतं मी त्याला. चढावर थांबवलं, उतारावर थांबवलं, दोन खांबांमध्ये गाडी लावायला सांगितली. मग सरळ रस्त्यावर, चांगला वेग असताना, त्याने न सांगता हातातली फाईल डॅशबोर्डवर आपटली. म्हणजे आहे तिथे थांबा. माझी डावी मांडी उसळली. पट्टा ताणला गेला, घोटा कचकन मागे ओढला गेला, आणि उजव्या पायाने ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली.

"पास," तो म्हणाला.

आत ऑफिसात काउंटरच्या पलीकडे तो लायसन्स तयार करायला बसला. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. परीक्षकाने एक शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि तसाच थांबला.

"बाई, हा ‘फक्त ऑटोमॅटिक’चा शिक्का आहे. हा बसला की क्लचची गाडी तुम्हाला कायमची बंद. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसून शिकवतासुद्धा येणार नाही." त्याने इकडेतिकडे बघितलं. "मी असं करतो, शिक्का मारायचा राहू देतो. नुसती तारीख वाढवतो. क्लचबाईला कोण विचारणार आहे?"

तो मनापासून बोलत होता. आणि मलाही मनापासून हो म्हणायचं होतं. चौतीस वर्षं होती त्या कागदावर. ओठांवर आलं होतं ते ‘हो’.

"अरे, तू मला ओळखतोस ना?"

"हो, बाई."

"मग तुला माहितीये, शिक्का नसेल तर मी एक दिवस क्लचच्या गाडीत जाऊन बसणार. कोणी डिवचलं तर उद्याच बसणार. पाऊल पेडलवरून घसरेल, मला कळणारही नाही, आणि समोर कोणाचं तरी पोर असेल. मार शिक्का."

तो मुलाकडे बघायला लागला.

"त्याच्याकडे काय बघतोस? लायसन्स माझं आहे. मार! आणि नीट दाबून मार, पुसट आला तर पुन्हा मारायला लावीन."

त्याने मारला. ठसठशीत उमटला. मग मात्र मला रडू फुटलं आणि मी रडले, तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई, चल. तू दमलीस. घरी जाताना मी चालवू का?"

"हात लावून बघ स्टिअरिंगला!" मी म्हटलं.