देखण्याचं नाक

झानिस कालाफातिसचं नाक बोटीवरून बेटाच्या आधी दिसतं, असं त्याचा मेहुणा निकिफोरोस म्हणायचा. नाक होतंच तसं. कपाळावरून निघालं की कुठेही न थांबता सरळ खाली यायचं आणि टोकाशी पोचल्यावर काहीतरी आठवल्यासारखं किंचित वर वळायचं. दुसरा कोणी असता तर असलं नाक घेऊन फिरताना जरा बिचकला असता. झानिस बिचकत नव्हता, कारण त्याच्या हिशेबी ते नाक अडीच हजार वर्षांचं होतं.

बंदरावर झानिसचं कॉफीचं दुकान, आणि रस्ता ओलांडला की बेटाचं संग्रहालय. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. धाकट्या खोलीत मडकी, दिवे, मासेमारीचे गळ आणि एका बाईचा कंगवा. थोरल्या खोलीत मधोमध एक नागडा तरुण. हात दोन्ही अंगाला चिकटलेले, डावा पाय पुढे, ओठांवर आपल्यालाच काय ते माहीत असल्यासारखं हसू. विद्वान लोकांनी त्याला काहीतरी नाव दिलेलं होतं, बेटावर मात्र त्याला सगळे 'देखणा' म्हणत. खरा देखणा, संगमरवराचा, झानिसच्या जन्माआधीच राजधानीत गेला होता. इथे होता तो त्याच्यावरून काढलेला प्लास्टरचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. प्लास्टरचा का असेना, त्याचं नाक हुबेहूब कालाफातिसांचं होतं.

झानिसची खुर्ची दारात आडवी मांडलेली असे. संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला आधी त्याची एक बाजूच दिसावी, अशी. पाहुणा दोन पावलं पुढे जायचा, थबकायचा, मागे वळून संग्रहालयाकडे बघायचा, पुन्हा झानिसकडे बघायचा. मग झानिस सावकाश म्हणायचा, "हो. आमचेच पूर्वज." त्यानंतर फोटो, फोटोनंतर कॉफी, आणि कॉफी पिता पिता अडीच हजार वर्षांचा कालाफातिस घराण्याचा इतिहास. त्यात दर उन्हाळ्यात थोडी भर पडत असे.

त्याची बायको कालिरोई संग्रहालयात रखवालदार होती. ती थोरल्या खोलीत बसून लोकांना 'हात लावू नका' म्हणायची आणि दुपारी घरी येऊन नवऱ्याला 'जेवायला बस' म्हणायची. दोन्हीचा सूर एकच. नाकाच्या विषयावर ती कधी बोलत नसे. बायकोला अभिमान आहे पण ती दाखवत नाही, अशी झानिसची समजूत होती.

अशात एका वसंतात बातमी आली की खरा देखणा उन्हाळाभर बेटावर पाहुणा म्हणून येणार आहे. नगराध्यक्षांनी बंदराला रंग काढला. बँडवाल्यांनी जुन्या तुताऱ्या घासल्या. आणि स्वागताच्या वेळी वंशजांच्या वतीनं चार शब्द झानिसनं बोलावेत असं ठरलं. म्हणजे झानिसनं ठरवलं, आणि त्याला नाही म्हणायला कुणाला सुचलं नाही. त्यानं नवा सूट शिवला. महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला भाषण ऐकवत होता.

निकिफोरोस जाळी शिवता शिवता ऐकायचा. "दाजी, एक शंका आहे," तो एकदा म्हणाला. "पुतळ्याला कपडे नाहीत. तुम्ही सूट घालणार. मग लोकांना साम्य कळणार कसं?"

"तुझ्यासारख्याला नाही कळायचं," झानिस म्हणाला. "ज्याच्या घराण्यात आजोबांच्या आधीचं कुणाला काही माहीत नाही, त्यानं वंशावर बोलू नये."

"आमच्या आजोबांचंसुद्धा फार माहीत नाही," निकिफोरोस म्हणाला. "बरंच आहे ते. माहीत झालं असतं तर निस्तरावं लागलं असतं."

देखणा आला. बोटीतून भलीमोठी लाकडी पेटी उतरली आणि पेटीबरोबर मिर्सिनी नावाची पुरातत्त्व खात्यातली बाई, पस्तिशीची, उन्हानं नाक सोललेली. पाद्रीबुवांनी पेटीवर पाणी शिंपडायला हात उचलला तशी ती मध्ये पडली, "पाणी नको, कृपा करून पाणी नको." बँड वाजला. पेटी थोरल्या खोलीत गेली. प्लास्टरच्या देखण्याला आदल्या दिवशीच भिंतीशी सरकवलं होतं. सगळं बंदर खिडक्यांना लोंबकळत होतं. झानिस सूट घालून पहिल्या रांगेत, भाषणाचा पहिला शब्द ओठावर.

फळ्या निघाल्या. आतला कापूस निघाला. शेवटचं कापड मिर्सिनीनं हळूच ओढलं.

देखण्याला नाक नव्हतं.

डोळे होते, हसू होतं, कुरळ्या केसांची ओळ होती. मध्ये, जिथे नाक असायचं, तिथे एक सपाट खडबडीत डाग. खोलीत कुणी बोलेना. बँडवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, आणि त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं.

राष्ट्रगीत संपेपर्यंत झानिसला ताठ उभं राहावं लागलं. संपल्याबरोबर तो म्हणाला, "नाक कुठे आहे?"

"म्हणजे?" मिर्सिनी म्हणाली.

"नाक, बाई. नाक. पेटीत बघा. कापसात पडलं असेल."

"काका, नाक नाहीच त्याला. जमिनीतून निघाला तेव्हाच नव्हतं."

"मग हे काय आहे?" झानिसनं भिंतीशी उभ्या प्लास्टरच्या देखण्याकडे बोट दाखवलं.

मिर्सिनीनं तिकडे पाहिलं. मग झानिसकडे पाहिलं. मग पुन्हा तिकडे. "अरे बापरे," ती हळूच म्हणाली.

झानिसनं भाषण केलं नाही. तो तडक पोलीस चौकीत गेला. तिथला हवालदार भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली आणि नाक शेवटचं केव्हा पाहिलं होतं, असं विचारलं.

"मी कुठे पाहिलंय? मी राजधानीत कधी गेलोच नाही."

"मग हरवलं हे कशावरून?"

"माझ्याकडे बघ आणि सांग," झानिस म्हणाला.

हवालदारानं बराच वेळ बघितलं आणि शेवटी पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर अर्धं गाव जमलं. झानिस एका बाजूला, मिर्सिनी दुसऱ्या बाजूला. राजधानीतल्या लोकांनी मुद्दाम नाक उडवलं, असं झानिसचं म्हणणं. "देखणा बेटावरच्या माणसासारखा दिसतो हे सहन झालं नाही त्यांना." मिर्सिनी बिचारी फोटो दाखवत होती, खोदकामाचे जुने, काळे-पांढरे. त्यात मातीत आडवा पडलेला देखणा होता, आणि नाक नव्हतं.

"फोटोला काय, फोटोत काहीही करता येतं," झानिस म्हणाला. "कालिरोई, तू सांग हिला. तू इतकी वर्षं त्याच्यासमोर बसतेस."

कालिरोई संग्रहालयाच्या पायरीवर किल्ल्या घेऊन उभी होती. "काय सांगू? मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"खऱ्याला नाक नाही ते. कामाला लागले तेव्हाच सांगितलं होतं साहेबांनी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"घरात शांतता नको का?" कालिरोई म्हणाली आणि कुलूप उघडायला आत वळली.

झानिस खुर्चीत बसला. तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत त्याची आत्या आली. मारुसो आत्या, नव्वदीला टेकलेली, कालाफातिसांच्या नाकाची बेटावरची सगळ्यात जुनी धनीण. म्हातारपणी सगळा चेहरा आक्रसला होता, नाक तेवढं जागच्या जागी होतं. तिनं एक खुर्ची ओढून घेतली, बिनसाखरेची कॉफी मागितली आणि म्हणाली, "त्या प्लास्टरवाल्याबद्दल चाललंय का?"

"कुठला प्लास्टरवाला, आत्या?"

"पुतळ्याबरोबर आला होता तो. आपल्याकडेच उतरला होता, वरच्या खोलीत. फार खायचा."

मिर्सिनी पटकन तिच्या शेजारी येऊन बसली. आत्यानं कॉफीचा घोट घेतला. घाई तिला कशाचीच नव्हती.

"प्लास्टरचा पुतळा आला तोही असाच, नकटा. तेव्हाच्या नगराध्यक्षांना लाज वाटली. मोठे पाहुणे येणार होते उद्घाटनाला. ते म्हणाले, असा नकटा पोरगा काय दाखवायचा लोकांना, नाक बसव. प्लास्टरवाला म्हणाला, नाक बसवीन, पण कुणाचं? नमुना तर पाहिजे. आता तो रोज जेवायला बसायचा आमच्या बाबांसमोर." आत्यानं झानिसकडे बघितलं. "तुझ्या आजोबांसमोर. मग काय, बाबांना टेबलावर आडवं केलं, तोंडाला तेल चोपडलं, नाकपुड्यांत गव्हाच्या दोन काड्या घातल्या श्वासाला, आणि वरून ओतलं प्लास्टर."

गर्दीत कुणीतरी खाली बसलं.

"काड्या मी धरल्या होत्या," आत्या म्हणाली. "पहिल्यांदा बाबा शिंकले. ते सगळं प्लास्टरवाल्याच्या तोंडावर. दुसऱ्यांदा बसलं नीट."

निकिफोरोस जाळं खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याचे खांदे हलत होते.

"आत्या," झानिस म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "लहानपणी आजोबा मला कडेवर घेऊन दाखवायचे पुतळा. म्हणायचे, बघ, कुणासारखा दिसतो."

"मग खोटं काय बोलले? त्यांच्यासारखाच दिसत होता."

"पण तू एवढी वर्षं बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही," आत्या म्हणाली. "आणि तू फार छान सांगायचास. मलाही ऐकायला आवडायचं."

त्यानंतरचा उन्हाळा झानिसला फार जड गेला. त्यानं खुर्ची फिरवून समुद्राकडे तोंड करून मांडली. पाहुण्यांना आता फक्त त्याची पाठ दिसायची. निकिफोरोस येता-जाता विचारायचा, "दाजी, सर्दी-बिर्दी नाही ना? पाहुणे आहेत गावात, सांभाळून शिंका."

दुकान मात्र कधी नव्हे इतकं चालत होतं. मारुसो आत्या रोज दहाच्या सुमाराला यायची, झानिसची जुनी जागा घ्यायची आणि काड्यांची गोष्ट सांगायची. भाषा कळो न कळो, पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. शिंक ती करून दाखवायची. आधी लोक आत जाऊन नकटा देखणा बघायचे, मग भिंतीशी उभा असलेला नाकवाला, मग आत्याला, आणि शेवटी झानिसच्या पाठीमागून हळूच पुढे येऊन त्याचं तोंड बघून जायचे. कालिरोईला 'हात लावू नका' आता दोन पुतळ्यांसाठी म्हणावं लागे, आणि ती तक्रार घरी नवऱ्यालाच ऐकावी लागे.

उन्हाळा सरला. देखणा पुन्हा पेटीत गेला, पेटी धक्क्यावर आली, आणि नेमका तेव्हाच उत्तरेचा वारा सुटला. बोट येणार नाही असं बंदर कचेरीनं सांगितलं. पेटी परत वर न्यायला माणसं मिळेनात. लाटांचे तुषार धक्क्यापर्यंत येऊ लागले तशी मिर्सिनीची रडायची वेळ आली.

"माझ्या दुकानात आणा," झानिस म्हणाला. त्या भांडणानंतर तो आपणहून तिच्याशी बोललेला पहिलाच शब्द.

टेबलं बाजूला सारली, पेटी मध्ये ठेवली. मिर्सिनी पेटीला खेटून बसली ती हलेना. झानिसनं दारं लावून घेतली, कालिरोईनं पाठवलेली चण्यांची उसळ तिच्यापुढे ठेवली, आणि स्वतः पलीकडच्या बाजूला बसला. बाहेर वारा पत्रे बडवत होता. पेटी मध्ये, ही दोघं दोन बाजूंना, जणू आजाऱ्याची सोबत करत असावीत.

बऱ्याच वेळानं झानिस म्हणाला, "त्याच्या मांडीवर काहीतरी लिहिलंय. माझ्या लहानपणापासून बघतोय. काय आहे ते?"

मिर्सिनीनं चमचा खाली ठेवला. "तुम्हाला माहीत नाही?"

"मी कायम नाकाकडेच बघत होतो."

"'अर्खिप्पोसनं हा आपल्या मुलासाठी उभा केला.' पुढे मुलाचं नाव होतं, ते झिजलंय. थडग्यावरचा पुतळा आहे, काका. मुलगा बापाआधी गेला असणार."

झानिसचा स्वतःचा मुलगा दूरदेशी जहाजावर होता, आणि त्याचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. त्यानं पेटीच्या फळीवर हात ठेवला.

"बापानं भांडण काढलं असेल," तो शेवटी म्हणाला.

"कुणाशी?"

"घडवणाऱ्याशी. म्हणाला असेल, सगळं ठीक आहे, पण नाक आमच्या पोराचं नाही हे. बाप म्हणतोच असं. कितीही चांगलं केलं तरी म्हणतो."

मिर्सिनी हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "असेल. घडवणारा म्हणाला असेल, आता पक्कं झालं, बदलता येत नाही."

"मग एखाद्या दिवशी बापानंच उडवलं असेल रागानं," झानिस म्हणाला. "लिहा तुमच्या पुस्तकात. माझं नाव नका घालू."

सकाळी वारा पडला आणि बोट लागली. पेटी चढवताना झानिस खलाशांवर असा ओरडत होता की कप्तान वरून वाकून बघायला आला. आडवी धरू नका, टेकवू नका, उन्हात ठेवू नका, आत पोरगा आहे. निकिफोरोसनं एक कोपरा उचलला होता.

बोट भूशिराच्या पलीकडे गेल्यावर झानिस घरी आला. कालिरोई भेंडी चिरत होती.

"हिवाळ्यात राजधानीत जाऊन येईन म्हणतो," तो म्हणाला. "कसा ठेवलाय बघतो. उजेड कसा पडतोय त्याच्यावर, ते."

कालिरोईनं वर बघितलं नाही. "जा की. दाढ दाखवायचीच आहे तुला तिथल्या डॉक्टरला. मीही येते. आणि तिकडे हात लावू नकोस हां, तिथली रखवालदार मी नाही."