आत्याबाईंचे घरटे

ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच्याकडे रोज नव्याने पाहणे हे त्या विश्वासाचेच एक अंग आहे. माणूस हे अंग सर्वांत आधी सोडतो, कारण त्याला श्रम पडतात. आणि मग जे उरते त्यालाच तो श्रद्धा म्हणत राहतो. त्याचे फळ त्याच्या एकट्याच्या पदरात पडते तोवर ही त्याची खाजगी गोष्ट असते. परंतु दुसऱ्यांच्या घरांवरचे पाणी ज्याच्या हाती सोपवले आहे, त्याला ही मोकळीक नाही.

तलावाच्या दाराची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याच्या हाती असेच पाणी होते. मातीचा लांब बांध, त्याच्या मधोमध लोखंडी दार, दार उचलायला दोन माणसांनी फिरवायचे चाक, आणि बांधाच्या पायथ्याशी, पाटाच्या दोन्ही अंगांना, साठ-सत्तर घरांची वस्ती. कचेरीचा नियम सरळ होता: मोजपट्टीवरच्या तांबड्या रेघेला पाणी लागले की घंटा द्यावी, पाटातली माणसे वर येऊ द्यावीत आणि दार उघडावे.

पाटकऱ्याच्या घराण्याचा नियम त्याहून जुना होता. दाराजवळच्या लव्हाळ्यात दरवर्षी एक पाणकोंबडी घरटे बांधी. काळसर अंगाची, कपाळावर तांबडा टिळा असलेली. पाणी खरोखरच चढणार असले की ती काड्या आणून घरटे उंच करू लागे. रेघ माणसाने ओढलेली आहे, पाखराची तर तिथे अंडी आहेत, असे आजोबांनी वडिलांना सांगितले आणि वडिलांनी त्याला. घरात तिला सगळे आत्याबाई म्हणत. पिढ्या बदलल्या, पाखरे बदलली, नाव तेच राहिले. सकाळी चाकाला तेल घालण्याआधी म्हातारा लव्हाळ्याकडे वळून हात जोडी. त्याच्या लेखी ते पाखरू नव्हतेच. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये देवाने बसवलेली ती वडीलधारी होती.

गेल्या वर्षी मात्र रेघेला पाणी लागताच घाबरून त्याने दार उघडले होते. आत्याबाई जागच्या हलल्या नसताना उघडले होते. लेकीच्या सासूबाई, म्हणजे त्याच्या विहीणबाई, विटा पाडीत; त्यांच्या पाटाकाठी वाळत घातलेल्या कच्च्या विटा चिखल होऊन वाहून गेल्या, आणि दोनच दिवसांत पाणी आपल्या आपण ओसरले. तेव्हापासून त्याने मनाशी गाठ बांधली होती: आत्याबाईंच्या आधी चाकाला हात लावायचा नाही.

आज वरच्या डोंगरांत तीन दिवस पाऊस कोसळत होता. इथे लख्ख ऊन होते. दुपारी त्याची लेक डबा घेऊन बांधावर आली. खालच्या वस्तीतच, विहीणबाईंच्या घरी ती नांदत होती.

"रेघेच्या वर किती ग?" त्याने विचारले.

"चार बोटं." तिने डबा तसाच खाली ठेवला. "अण्णा, रेघेच्या वर? मग घंटा का नाही दिली?"

"आत्याबाई काय करताहेत?"

तिने लव्हाळ्याकडे नजर टाकली. "बसल्यात."

"मग आपणही बसू. जेवण उघड."

ती बसली नाही. तोही जेवला नाही. त्याचे कान लव्हाळ्यात होते, कारण त्याचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते; पुरते नव्हे, पण जग दुधात बुडवून काढावे तसे झाले होते. हे कोणालाही ठाऊक नव्हते. पाणी किती चढले ते तो घाटाच्या कोरड्या पायऱ्या पायाने चाचपून ओळखी, आणि लेक आली की तिच्याकडून सहज विचारल्यासारखा आकडा काढून घेई. लव्हाळ्यात त्याला एक गडद ठिपका दिसे. त्या जागी चाळीस वर्षे एकाच जातीचे पाखरू बसत आले होते, तेव्हा ठिपका पुरेसा होता. हल्ली तिथून खिदळल्यासारखा एक बारीक लांबट आवाज येई. आत्याबाईंचा आवाज तसा नव्हे, हे त्याला कळत होते. पलीकडच्या झुडपातून येत असेल, असे त्याने स्वतःला सांगून टाकले होते.

"अण्णा, आता वीतभर."

"ऐकलं."

"ऐकलंत ना? मग उठा! खाली सगळं घर आहे माझं."

"गेल्या वर्षी उठलो होतो. तुझ्या सासूबाईंनी अजून मला त्या चिखलातून बाहेर काढलेलं नाही." तो हसायला गेला. "आत्याबाईंच्या आधी हात लावायचा नाही. माझ्या बापाने कधी लावला नाही."

"तुमच्या बापाच्या वेळी बांध नवा होता!"

असे ती आजवर कधी बोलली नव्हती. बोलली आणि साडी खोचून सरळ पाण्यात उतरली. पाणी कापल्याचा आवाज लव्हाळ्याच्या दिशेने गेला. मग बुडकन् काहीतरी पाण्याखाली गेले, आणि पुष्कळ वेळ काहीच ऐकू आले नाही.

"अण्णा!" तिचा आवाज उतरला होता. "हे पाखरू बुडी मारून गेलं. अंडी ओल्या शेवाळाने झाकून गेलं. ह्या आत्याबाई नव्हेत, ही टिबुकली आहे."

"असेल कुठेतरी बाजूला."

"बाजूला नाही, घरट्यावरच होती. घरटं तरंगतंय, अण्णा. दोन देठांना अडकवलंय नुसतं. पाणी चढतं तसं तेही चढतं. ही कशाला काड्या आणील?"

त्याने कठडा धरला.

"आत्याबाई पार तिकडे, वळणावरच्या लव्हाळ्यात आहेत," ती सांगत होती. "इथून दिसतायत मला. घरटं केवढं उंच केलंय! आताही काडी नेतायत." मग ती थांबली. पाण्यातून परत येताना तिची पावले सावकाश पडत होती. पायरीवर येऊन तिने विचारले, "अण्णा, तुम्हाला कपाळावरचा टिळा दिसतो का?"

खोटे बोलायला एकच शब्द पुरे होता. तो जिभेवर आलाही होता.

"नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दोन पावसाळे."

"म्हणजे गेल्या वर्षी बसल्या होत्या, त्या तरी आत्याबाईच..."

"ठाऊक नाही."

ज्या एका दाखल्यावर त्याने वर्षभर मान ताठ ठेवली होती, तो दाखला या दोन शब्दांबरोबर गळून पडला. आत्याबाईंनी काही लपवले नव्हते. आपले काम त्या सकाळपासून करीत होत्या. हात जोडणाऱ्याचीच मान चुकीच्या दिशेला वळली होती.

बांधाच्या उतारावरून धापा टाकीत कोणी वर येत होते. श्वासावरूनच त्याने ओळखले; विहीणबाईच. मूठ आवळलेली, पदर कमरेला.

"व्याहीबुवा! दार उघडाल तर याद राखा, असं सांगायला निघाले होते मी," त्या म्हणाल्या. "अर्ध्या वाटेत हे हाताला लागलं." त्यांनी त्याचा हात ओढून तळव्यावर ओला लगदा थापला. "चोळून बघा. बांधाच्या बाहेरच्या अंगाने पाणी पाझरतंय. नितळ असतं तर म्हटलं असतं, घाम आलाय, येऊ दे. पण गढूळ येतंय. जन्म मातीत गेला माझा. आतली माती निघायला लागलीय. उघडा!"

"तुमच्या विटा..."

"त्यांचं मी तुम्हाला जन्मभर ऐकवीन. त्यासाठी आधी जगायला नको का?"

लेकीने घंटा धरली होती. घण, घण, घण! तिसऱ्या ठोक्याला दोर सोडून ती पाटाच्या काठाने ओरडत खाली धावत गेली. दोघे चाकाला भिडले, पण फिरवता येत नव्हते. पाटात माणसे होती. दार आता उघडावे तर ती वाहून जातील, थांबावे तर बांध जाईल. म्हाताऱ्याच्या हाताखाली लोखंड पाण्याच्या दाबाने थरथरत होते.

"मला दिसत नाही, विहीणबाई," तो म्हणाला. "डोळे गेलेत माझे."

"ते माझ्या लेकाला जावई केलंत तेव्हाच कळलं होतं मला." मग त्या खालच्या स्वरात म्हणाल्या, "मी सांगते. पाचजण आहेत. धुण्याच्या दगडावर दोघी, कपडे गोळा करतायत मेल्या. टाका की ते! निघाल्या एकदाच्या! तीन उरले. आणखी दोघे चढले. एक म्हातारा राहिलाय, तुमच्यासारखाच हट्टी. तुमची लेक त्याला दंडाला धरून ओढतेय."

बाहेरच्या उतारावर मातीचा एक ढलपा सुटून धप्पकन् पडला.

"विहीणबाई..."

"थांबा. पायरीवर आला. थांबा... निघाला! फिरवा!"

चाक पहिल्या फेऱ्याला अडले. दोघांनी छातीचा जोर लावला. लोखंड कण्हले, दार बोटभर उचलले आणि खालून पाण्याने हंबरडा फोडला. दुसरा फेरा, तिसरा. पाट दोन्ही काठांनी भरून धावू लागला. त्याच्या काठच्या हजारो विटा कशा बसत गेल्या हे त्याला दिसले नाही; चाकावरचा विहीणबाईंचा हात एकदा सैल झाला आणि पुन्हा घट्ट झाला, एवढेच त्याला कळले.

कितीतरी वेळाने त्या पाझर पाहायला उतार उतरून गेल्या. बांधावर आता नुसता पाण्याचा गजर होता. म्हातारा चाक धरून उभाच होता. वरून हाक मारण्याचे त्याला धैर्य होत नव्हते.

"कमी झालंय," खालून आवाज आला. "आणि निवळलंय. ऐकलंत का व्याहीबुवा? नितळ येतंय."

तो बसला तो तिथेच, ओल्या फरशीवर. लेक परतली तेव्हा विहीणबाई त्याच्या शेजारी बसून चिखलाचे हात पदराला पुसत होत्या.

"उद्या कचेरीत मला घेऊन चल," तो लेकीला म्हणाला. "डोळ्यांचं मीच सांगतो. चाक दुसऱ्याच्या हाती देऊ दे."

"आणि आत्याबाई?" तिने विचारले.

"त्यांना कोणीतरी पाहणारं हवं. हात जोडणारा मी आहेच."

विहीणबाईंनी डब्याचे झाकण काढले आणि पहिला घास त्याच्या हातात ठेवला.

त्या म्हाताऱ्याला उरलेला प्रकाश पुरो. लेकीच्या नजरेला कधी आळस न शिवो. विहीणबाईंच्या मातीला ऊन मिळो आणि त्यांच्या जिभेला विसावा नको. लव्हाळ्यातल्या दोन्ही घरट्यांत, तरंगणाऱ्या आणि उंचावलेल्या, पिले सुखरूप निघोत. आणि त्या बांधाखाली जे जे निजतात, त्यांना निवांत झोप लागो.