रंगबदल्या आणि मावशीचं पाणी

मी एक जुना रंगबदल्या आहे. नाव ऐकून सरडा आठवला ना? आठवू दे. पण मित्रांनो, मला ना पाय, ना शेपूट. संगणकावरच्या एका खेळाच्या कोडमध्ये राहणारा मी चार ओळींचा तुकडा. ज्याने मला लिहिलं, त्यानेच हे नाव ठेवलं.

माझं काम साधं आहे. माणसं रंग सांगतात आकड्यांत. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. आमच्या खेळाला मात्र एवढे मोठे आकडे पचत नाहीत. त्याला सगळं शून्य ते एकच्या आत हवं. मग मी प्रत्येक आकड्याला दोनशे पंचावन्नने भागतो आणि पुढे देतो. एवढंच! पण मी एक दिवस दांडी मारली, तर अख्खा खेळ पांढराफटक पडेल.

आकडे यायचे मावशीकडून. मला लिहिणाऱ्याची ती सख्खी मावशी. तिचा जन्म सूत रंगवायच्या कारखान्यात गेला होता. एका छटेला दुसरी छटा जुळते की नाही, हे ती खिडकीशी धागा धरून सांगायची. निवृत्त झाल्यावर भाच्याने तिला खेळाचे रंग ठरवायला बोलावलं. एकाच खोलीत दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. ती आपल्या पडद्यावर रंग निवडून आकडे मोठ्याने सांगायची, तो मान वर न करता टाइप करायचा. रंगांत तो अगदीच ढ. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून यायचा आणि मावशीने दाखवलं तरी म्हणायचा, चालतंय गं. माझे ते सुखाचे दिवस होते.

खेळात एक नदी आहे. उथळ पाण्यातून चालत पलीकडे जायचं, खोल पाण्यात पाय पडला की बुडालात. मावशीने उथळ पाण्याला हिरवा दिला एकशे साठ आणि खोल पाण्याला दीडशे. बाकीचे दोन आकडे सारखेच. नीट बघेल तोच पार होईल, अशी तिची गंमत होती.

त्याच सुमारास भाच्याला साफसफाईची हुक्की आली. माझ्या उत्तरांमागे दशांशांची लांबलचक शेपटी यायची, ती त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. त्याने मला एक ओळ जोडली. आता मी भागाकार करून उत्तर दशांशाच्या एकाच घरापर्यंत गोल करायचो. त्याने काळा रंग देऊन बघितला, काळाच आला. पांढरा दिला, पांढराच आला. झालं, साहेब खूश! मधल्यांना विचारलंच नाही.

नेमकं तेव्हाच मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. परत आल्यावर तिने नदी बघितली आणि म्हणाली, दोन्ही पाणी एकच दिसतंय. भाच्याने समजूत काढली, की आकडे वेगळे आहेत, म्हणजे रंग वेगळेच असणार. डोळे नवे आहेत, जरा दम धर. तिने धरला. मग खेळून बघायला आलेली मुलं एकामागून एक बुडाली. दुसऱ्या दिवशी तिने टेबल आवरलं आणि सांगितलं, "आता कुणी तरुण नजरेचं बघ. माझं संपलं."

मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. मला सगळं ठाऊक होतं, पण कोणी हाक मारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. आणि हाक मारली तरी मी फक्त आकडा बोलतो.

भाच्याला ती जायला नको होती. डोळ्यांवर नाही तर निदान आकड्यांवर तरी तिने विश्वास ठेवावा, म्हणून त्याने तिला शेजारी बसवलं आणि माझी उत्तरं पडद्यावर मागवली. एकशे साठला मी म्हणालो, शून्य पूर्णांक सहा. दीडशेला म्हणालो, शून्य पूर्णांक सहा. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

त्याने खुर्ची मावशीकडे वळवली आणि म्हणाला, "मावशी, तुला दोन्ही पाणी एकच दिसत होतं, कारण ते एकच होतं. माती मी खाल्ली."

"म्हणजे मी बरोबर बघत होते?" तिने विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याच दिवशी माझी शेपटी मला परत मिळाली, नदी पुन्हा दोन रंगांची झाली. मावशीही थांबली. म्हणून मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं: आम्हाला नीटनेटकं करा, पण काळा-पांढरा बघून हात झटकू नका, मधलेही तपासा. आणि कोणी म्हणालं, मला असं दिसतंय, तर त्याच्या डोळ्यांना बोल लावण्याआधी आम्हाला एकदा हाक मारा. आमची ओळ दुरुस्त करायला एक क्षण पुरतो. मावशी आजही रंग सांगते, अचूक सांगते. पण प्रत्येक आकड्यानंतर थांबून, त्या मोज्यांचे रंग न कळणाऱ्या भाच्याला विचारते, "बरोबर आहे ना रे?" पूर्वी ती कधी विचारत नव्हती.